विहीणबाईंसाठी आईस्क्रीम

सोपं म्हणून जगात जे काय हाय, ते मला जमत नाय. अवघड जमतं. कंटेनर लादलेला ट्रेलर मी न्हावा शेव्याला गाड्यांच्या गर्दीत उलटा लावलाय, मागं हात दाखवायला क्लीनर नसताना. पण कपात चहा ओतायला सांगा, अर्धा बशीत जाणार आणि अर्धा पाहुण्याच्या पँटीवर. शाळेत मी आत कधी बसलो नाय. वर चढलो होतो, कौलं परतायला. तिथंही एक कौल खाली सोडलं ते नेमकं मास्तरांच्या खुर्चीवर. मास्तर खुर्चीत नव्हते हे त्यांचं नशीब. ते दारात उभं राहून बघत होते हे माझं.

मागच्या उन्हाळ्यात आमच्या घरी असंच एक सोपं काम निघालं. मुलीच्या सासरची माणसं दुपारी येणार. त्यांना काहीतरी थंड द्यायचं, काहीतरी गोड द्यायचं, चार शब्द बोलायचे आणि ऊन उतरलं की हसत वाटेला लावायचं. ह्याच्यापेक्षा सोपं काय असतं? तर मी त्याची काय वाट लावली ते सांगतो. पण आधी त्यात काय अडकलं होतं ते सांगायला पाहिजे, नायतर तुम्हाला वाटेल हा माणूस एका आईस्क्रीमपायी एवढा का चिडलाय.

मुलगी आमची नर्स. आमच्या सगळ्या भावकीत एवढी शिकलेली पहिलीच. थंडीत लग्न झालं, अलिबागला दिली. बोलणी चालली होती तेव्हा व्याही पोह्यांची बशी हातात धरून म्हणाले होते की पोरीनं नोकरी केली तर आमची काय हरकत नाय. पोहे संपले, लग्न झालं आणि हरकत निघाली. विहीणबाई म्हणायला लागल्या, घरात काय कमी हाय, रात्रपाळ्या कशाला करायच्या. जावई चांगला मुलगा, निर्व्यसनी, पण आई समोर आली की त्याची गाडी न्यूट्रलला येते. कितीही रेस करा, हलत नाय. इकडं अलिबागमधल्याच एका दवाखान्यात मुलीला जागा मिळाली होती. पाऊस लागायच्या आत हजर व्हायचं होतं, नायतर त्या जागेवर दुसरी कोणी तयारच होती.

तेव्हा तिनं आईला फोन केला. फोन स्पीकरवर होता, मी बाजूला बसून पायाची नखं काढत होतो. आमच्याकडं रीत अशी हाय की लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात मुलीच्या सासरच्यांना आंबे खायला घरी बोलवायचं. मुलगी म्हणाली, त्या निमित्तानं सगळ्यांना बोलवा, मी तिथं सासूबाईंशी नोकरीचं बोलते. बायको म्हणाली, अगं, रोज समोर असतात, तिथंच बोल की. त्यावर मुलगी जे म्हणाली ते ऐकून मी नखं काढायचा थांबलो.

“इथं बोलले तर मी सून असते, मम्मी. आपल्या घरात बोलले तर तुमची मुलगी असेन.”

मग तिनं आईला सगळं समजावून सांगितलं. सासूबाईंना उन्हाचा फार त्रास. पोटात थंड गेलं की त्या शांत होतात, शांत झाल्या की समोरच्याचं ऐकून घेतात. म्हणून पन्हं करा, सांदणं करा, ताडगोळे आणा, साधंच करा. आणि सगळ्यात शेवटी मला वेगळं सांगितलं.

“पप्पा, तुम्ही फक्त मध्ये जोक मारू नका. एक दिवस.”

मी म्हटलं, जोक, आणि मी? बायको हसली. फोनमध्ये मुलगी नाय हसली.

खरं सांगायचं तर मला तेव्हाच राग आला होता. पोरीनं शिकायचं, परक्या माणसांची दुखणी काढायची, रक्त बघून हलायचं नाय, आणि आता कामावर जायची परवानगी मिळावी म्हणून तिच्या बापानं ताडगोळे सोलायचे. पण राग आला की मला बोलता येत नाय. मला जोक येतो. पावसात गाडीच्या हॉर्नमध्ये पाणी जातं आणि मग तो कोणी न दाबता वाजत राहतो, तसं माझं तोंड हाय. बंद करायची वायर कुठली ते मलाच माहीत नाय.

बायकोनं सगळी तयारी मनात करून टाकली. कैऱ्या उकडून, गूळ-वेलची घालून पन्ह्याचा गर बाटलीत भरून ठेवायचा. आंब्याच्या रसात तांदळाचा रवा भिजवून सांदणं वाफवायची. तांदळाच्या फेण्या उन्हात वाळवून डब्यात होत्याच, त्या फक्त तळायच्या. मला ताडगोळे आणायचं आणि खुर्च्या पुसायचं काम दिलं. तेवढ्यावर मी थांबलो असतो तर आज सांगायला काय नव्हतं.

पण माझ्या डोक्यात लग्नातलं आईस्क्रीम होतं. लग्नाच्या जेवणात शेवटी आईस्क्रीम ठेवलं होतं. किती माणसं येणार ते कंत्राटदाराला मी सांगितलं आणि नंतर यार्डातल्या सगळ्या ड्रायव्हर लोकांना मीच परत आमंत्रण देत फिरलो. ड्रायव्हर माणूस जेवणाला वेळेच्या आधी पोचतो. विहीणबाई आपल्या मानपानातून मोकळ्या होऊन पंगतीला बसल्या तेव्हा त्यांच्यापर्यंत रिकामा डबा पोचला. तिथं काय बोलल्या नाय. पण त्याही काय कमी नाय. त्यानंतर प्रत्येक फोनला एकदा तरी विचारायच्या, व्याही, ते आईस्क्रीम अजून निघालं नाय का तुमच्याकडून? मी म्हणायचो, निघालंय, वाटेत ट्रॅफिक हाय. हसायचो दोघं. पण मला ते लागायचं.

तर मी ठरवलं, ह्या वेळेला विहीणबाईंना घरचं आंब्याचं आईस्क्रीम खिलवायचं. लग्नातला डाग पण धुऊन निघेल आणि मुलीचं काम पण सोपं होईल. बायको म्हणाली, “अवो, तुमाला ताडगोळे सांगितलेत ना? तेवढे आना आन् गप बसा.” पण माझ्या हातात मोबाईल होता आणि मोबाईलमध्ये एक बाई होती. ती बाई हसत हसत सांगत होती, एकदम सोपं, घरच्या घरी, तीनच वस्तू. साय फेटा, डब्यातलं घट्ट गोड दूध घाला, आंबा घाला, झालं.

मी साय फेटायला बसलो. बाईची साय फुलून आली. माझी साय पण फुलली. मला वाटलं अजून थोडी फुलू दे, आपल्याला काय घाई हाय. फेटत राहिलो तर तिचं लोणी झालं आणि खाली ताक उरलं. बायकोनं त्याचं तूप कढवलं. दुसऱ्या दिवशी परत केलं, ह्या वेळेला लवकर थांबलो. सगळं डब्यात भरून फ्रीजरात ठेवलं. दुपारी लाईट गेली, ते पातळ झालं. लाईट आली, ते परत गोठलं. परत गेली, परत आली. शेवटी जे बाहेर निघालं त्यात बर्फाचे असे खडे झाले होते की चमचा वाकला. मी बायकोला म्हटलं, विहीणबाईंची कवळी तर नाय ना? ती म्हणाली, हेच, हेच नको म्हणून पोरीनं सांगितलंय.

मग मला आठवलं, शेजारच्या वाडीतल्या निवृत्त गुरुजींकडं हातानं फिरवायचा आईस्क्रीमचा पॉट हाय. दर बुद्धपौर्णिमेला त्यांच्याकडं त्यात आईस्क्रीम होतं, आम्ही पण खाल्लंय. लाकडी बादली, आत पत्र्याचा उभा डबा, डब्यावर झाकण आणि फिरवायला दांडा. डब्यात दूध-आंबा भरायचा, बादलीत भोवती बर्फ आणि खडा मीठ टाकायचं आणि दांडा फिरवत बसायचं. लाईटचा काय संबंध नाय. आणि खडा मीठ म्हटल्यावर तर माझी छाती पुढं आली. आमचं घरच मिठागरवाल्यांचं. बापानं, आज्यानं मीठच पिकवलं. आमच्या मिठागराच्या जागी आता कंटेनर रचून ठेवलेत, पण मिठाची एक गोण बायकोनं लोणच्यासाठी ठेवली होती. मला वाटलं, हे आईस्क्रीम तर आपल्याच धंद्यातलं निघालं.

गुरुजींनी पॉट काढून दिला, पुसून दिला आणि शिकवायला लागले. पन्नास पोरं सांभाळलेला माणूस, शिकवल्याशिवाय वस्तू देणार नाय. बर्फ बारीक फोडा, एक थर बर्फाचा, एक थर मिठाचा, सारखं फिरवा. मी म्हटलं, गुरुजी, स्टार्ट करायची चावी कुठं हाय? गुरुजी हसायला लागले. त्यांनी बादलीच्या अंगाला वरच्या बाजूला एक भोक होतं तिथं बोट लावून काहीतरी सांगायला सुरुवात केली. मी म्हटलं, हा सायलेन्सर काय? गुरुजींना हसता हसता ठसका लागला, त्यांच्या बाईंनी आतून पाणी आणलं, आणि तेवढ्यात मी पॉट उचलून निघालो. तुम्ही म्हणाल, बाबा, अर्ध्यात का निघालास. माणूस हसला की मला वाटतं काम झालं. हा रोगच हाय मला.

पाहुणे यायच्या दिवशी सकाळी जेटीवर जाऊन बर्फ आणला. मासळीसाठी बर्फ येतो ना, त्यातली लादी गोणपाटात गुंडाळून रिक्षातून आणली. रिक्षावाल्यानं विचारलं, पापलेट कुठं हाय? मी म्हटलं, पापलेट अलिबागहून येतंय. हे मी घरी येऊन सांगितलं नाय, एवढी अक्कल होती.

दुपारी गाडी आली. व्याही, विहीणबाई, जावई आणि मुलगी. लाईट अर्थातच गेलेली. पाहुण्यांनी पाय धुतले, मी पडवीत खुर्च्या मांडल्या आणि पुठ्ठ्यानं वारा घालायला लागलो. विहीणबाई घामानं निथळत होत्या. रस्त्यात फार धूळ, फार ट्रक, असं म्हणाल्या. मी म्हणणार होतो की त्यातले निम्मे माझे मित्र. गिळून टाकलं. बायकोनं माठातल्या पाण्यात केलेलं पन्हं आणलं. विहीणबाईंनी अर्धा ग्लास एका दमात घेतला, डोळे मिटले, म्हणाल्या, वा, असं पन्हं खूप दिवसांनी प्यायले. बायकोनं सोललेले ताडगोळे पुढं केले, मग गरम फेण्या आल्या. विहीणबाईंचा चेहरा असा हळूहळू सैल झाला. बायकोला जे जमायचं ते सगळं जमलं होतं. कसला व्हिडिओ नाय, काय नाय.

मुलीनं माझ्याकडं एकदा बघितलं, मम्मीकडं बघितलं आणि पदराशी चाळा करत सासूला म्हणाली, “आई, मला तुमच्याशी एक बोलायचं होतं.”

सगळे गप्प झाले. फेणीचा आवाज पण थांबला. आणि ती शांतता माझ्या अंगावर यायला लागली. आणि हॉर्न वाजला.

मी म्हटलं, “बोल बोल, पण आधी विहीणबाईंना फेणी संपवू दे. कुरकुर त्यांच्या तोंडातनं येते का सुनेच्या, ते आम्हाला कळायला नको?”

विहीणबाई हसल्या. एवढ्या हसल्या की फेणीचा चुरा साडीवर सांडला. व्याही हसले. मग विहीणबाईंनी विचारलं फेण्या कशावर वाळवता, तांदूळ कुठला, आणि बायकोला सांगणं भाग पडलं. बोलणं तांदळावर गेलं, तांदळावरून रेशनवर गेलं, तिथून आणखी कुठं गेलं. मुलगी ग्लास गोळा करून आत निघून गेली. जाताना माझ्याकडं बघितलं नाय. बायकोनं बघितलं. ते मी इथं सांगत नाय.

मला वाटलं आता आपण इथून हललेलं बरं. मागच्या पडवीत पॉट तयार ठेवला होता. डब्यात आटवलेलं दूध आणि आंब्याचा रस, बाहेर बर्फाचा थर आणि आमच्या मिठाचा थर, हात सैल सोडून. दांडा फिरवायला लागलो. व्याही पण मागोमाग आले. ते कचेरीतून रिटायर झालेले, त्यांना यंत्र चाललेलं बघायला आवडतं. खुर्ची घेऊन बसले.

थोडं फिरवलं असेल, आणि बादलीतून पाणी गळायला लागलं. बर्फ वितळलेलं, खारं. त्या वरच्या भोकातून धार लागली आणि पडवीत पसरायला लागली.

आता बघा, मिठागरात वाढलेल्या माणसाला खारं पाणी गळताना बघवत नाय. आमच्याकडं पोराला चालता यायच्या आधी बांध बघायला शिकवतात. खेकड्यानं बांधाला एक बीळ पाडलं तरी सगळं पाणी निघून जातं आणि पाणी गेलं की मीठ गेलं. बाप माझा जेवता जेवता उठून जायचा, कुठं पाझर दिसला तर हातानं चिखल दाबायचा, मग येऊन भात खायचा. ते रक्तात हाय. ती धार बघितली आणि माझे हात आपोआप उठले.

व्याही म्हणाले, “हे भोक मुद्दाम ठेवलं असेल का हो?”

मी म्हटलं, “मुद्दाम? अहो, जुना पॉट हाय, लाकूड सडलं असेल. गुरुजींचं लक्ष नाय.”

आणि मी आंब्याच्या बुंध्याजवळची ओली माती आणली, चिंधीत धरली आणि ते भोक असं पक्कं बुजवलं की खाडीची भरती आली असती तरी हललं नसतं. वर व्याह्यांना भाषण दिलं. बांध कसा धरायचा, माती कुठली घ्यायची, अंगठ्यानं का दाबायचं, मुठीनं का नाय. व्याही मान हलवत होते, म्हणाले, ह्याला अनुभव लागतो. मी म्हटलं, लागतोच. एक थेंब बाहेर येत नव्हता. मी दांडा फिरवत होतो आणि बादलीत खारं पाणी चढत होतं, झाकणाच्या वर कधी गेलं ते मला कळलं नाय. मला वाटलं, वा, काय टिकलंय पाणी.

आतून बायकांचा आवाज येत होता. आधी बायकोचा, मग विहीणबाईंचा, मग बराच वेळ फक्त मुलीचा, हळू, सांभाळून. शब्द कळत नव्हते, पण मी ओळखलं की तिनं परत सुरू केलंय. आणि दांडा जड लागायला लागला होता. दांडा जड झाला की आईस्क्रीम झालं, हे मात्र मला माहीत होतं. अजून पाच मिनिटं थांबलो असतो तर काय बिघडलं असतं? पण हाताशी झालेलं आईस्क्रीम, बाहेर ते ऊन. मी तिथूनच ओरडलो, चला, विहीणबाईंचं आईस्क्रीम पोचलं.

सगळे उठून आले. मुलगी सगळ्यात मागून आली, तिचं वाक्य तोंडातच राहिलेलं दिसत होतं. तिच्या चेहऱ्यावर तेव्हा काय होतं ते मला सांगता येत नाय, पण तिनं एवढा राग कधी केला नव्हता माझा, लहानपणी मारलं तेव्हा पण नाय.

झाकण उघडलं. रंग असा सुंदर आला होता, हापूसचा, पिवळाधमक. पहिली वाटी विहीणबाईंना. त्यांनी चमचा तोंडात घातला. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होतो. आधी हसू होतं, मग भुवया वर गेल्या, मग तोंड तसंच थांबलं. दुसऱ्याच्या घरात थुंकता येत नाय म्हणून त्यांनी गिळलं. ते गिळताना त्यांच्या गळ्याची शीर मला दिसली. जावयानं पण चमचा घातला होता, तो सरळ मोरीकडं पळाला. व्याही म्हणाले, मीठ हाय. शांतपणे म्हणाले, जसं काय सरकारी कागदावर शेरा मारतात तसं.

आणि मी म्हटलं, “आमच्या घरचं मीठ खाल्लंत, विहीणबाई, आता आमच्याशी बेइमानी करायची नाय.”

सगळे हसले. विहीणबाई तर खुर्चीत बसून, डोळ्यांना पदर लावून हसल्या. मला वाटलं वाचलो. तेवढ्यात मुलीनं तिची वाटी पडवीच्या कठड्यावर ठेवली. आपटली नाय, ठेवली. म्हणून जास्त आवाज आला.

“पप्पा, तुम्हाला एकच गोष्ट सांगितली होती.”

ती सासूकडं वळली. तिनं जे गोड बोलायचं ठरवलं होतं ते सगळं कुठं गेलं कोणास ठाऊक. उभ्या उभ्या बोलली. “आई, मला दवाखान्यात नोकरी लागलीय. मी जाणार आहे. आठवड्यातून काही दिवस रात्रपाळी येईल. मी आल्यापासून हे विचारायला बघत होते. आता विचारत नाही, सांगते.”

कोणी हसत नव्हतं. जावई मोरीच्या दारात ओलं तोंड घेऊन उभा होता. विहीणबाईंच्या डोळ्यांत हसण्याचं पाणी तसंच होतं, पण तोंड बदललं. मला वाटलं आता त्या लोक काय म्हणतील ते बोलतील, घराण्याचं बोलतील. तर त्या वेगळंच बोलल्या.

“हे दिवसभर बाहेर पत्ते कुटायला,” व्याह्यांकडं हात करून त्या म्हणाल्या, “मुलगा त्याच्या कामाला. तू आलीस म्हणून घरात आवाज आला. तू पण गेलीस की मी संध्याकाळी कुणाशी बोलू? भिंतीशी?”

एवढे दिवस रात्रपाळीवर वाद घातला आणि मूळ दुखणं हे होतं. मुलीला पण ते पहिल्यांदाच कळत होतं. तिचे डोळे भरले, पण ती मागं सरली नाय. तशीच उभी राहिली.

विहीणबाई माझ्याकडं वळल्या. “व्याही, ऐकलंत तुमची मुलगी काय म्हणते? बोला काहीतरी.”

आणि सगळे माझ्याकडं बघायला लागले. मला माहीत होतं ते कशाची वाट बघतायत. मी काहीतरी बोलणार, सगळे हसणार, आणि गाठ सुटल्यासारखी वाटून विषय निघून जाणार, फेण्यांच्या वेळेला गेला तसा. सांगायला लाज वाटते, पण जोक तयार होता. भिंतीवरचाच होता, चांगला होता. जिभेवर येऊन बसला होता. मी तो धरून ठेवला. भोक बुजवणं सोपं हाय हो, हे फार अवघड हाय.

मी म्हटलं, “तिला जाऊ दे, ताई.”

विहीणबाई वाट बघत राहिल्या. म्हणाल्या, “पुढं?”

“पुढं काय नाय.”

मला दुसरं काय सुचलंच नाय. एवढ्या वर्षांत सरळ वाक्य बोलायची सवय नाय, एक जमलं तर दुसरं कुठून आणायचं? बायकोनं मला मदत केली असती, पण ती पण तोंड उघडं टाकून माझ्याकडं बघत होती. शेवटी जावई बोलला. आवाज थोडा चिरका आला, कदाचित मिठानं. म्हणाला, “आई, हिला रात्रपाळी असेल त्या दिवशी मी घरी लवकर येईन.” विहीणबाईंनी त्याच्याकडं असं बघितलं की जसं काय बंद पडलेला रेडिओ मध्येच बोलला.

कोणी कोणाच्या गळ्यात पडलं नाय. विहीणबाई म्हणाल्या, मला हे पटलेलं नाय, सांगून ठेवते. मग बायकोला म्हणाल्या, पन्हं उरलंय का, तोंड खारट झालंय. बायकोनं ग्लास भरून दिला. तो पिता पिता त्यांनी मुलीला विचारलं, रात्रपाळी किती वाजता सुरू होते आणि डबा कुठला न्यायचा. आवाज कोरडाच होता. मुलीनं तेवढ्याच कोरड्या आवाजात सांगितलं. बायकोनं सांदणं बांधून दिली, आंब्यांची पेटी गाडीत ठेवली. व्याही जाता जाता बादलीजवळ वाकले, अंगठ्यानं ती माती दाबून बघितली आणि म्हणाले, पक्कं काम झालंय. ते टोमणा मारत होते का खरंच म्हणत होते, मला अजून कळलेलं नाय.

गाडी सुरू झाली. मी फाटकाशी उभा. मुलीनं काच खाली केली. मला वाटलं आता आईसारखंच दोन शब्द सुनावेल, किंवा निदान हसेल. ती म्हणाली, “पप्पा, सोमवारपासून रात्री दहानंतर फोन करू नका. मी ड्यूटीवर असेन.”

मी बरं म्हटलं.